दाता क्रमांक सतरा

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
आमचं एक काचेचं पोट आहे.
सदतीस अंश, जहाल आंबट, पेप्सिन मोजून.
त्याला भूक नसते,
शनिवारचा उपास नसतो.
घालू ते पचवतं किंवा पचवत नाही,
आम्ही फक्त वेळ लिहून ठेवतो.

सध्या त्याला भात घालतोय.
भात म्हणजे भातातलं एकच प्रथिन,
जे भातात याआधी कधी नव्हतं.

मिठागरात कणीएवढी एक कोळंबी असते.
पाणी आटून पांढरं मीठ झालं
तरी तिची अंडी वर्षानुवर्षं मरत नाहीत.
ते न मरणं कुणीतरी उचललं
आणि तांदळात ठेवलं,
खाजणातल्या खारपट शेतांसाठी.
कल्पना चांगली आहे, मी चेष्टा करत नाही.
घणसोलीला आमचीही खारजमीन होती.
आता तिच्यावर बावीस मजले आहेत,
त्यांना मीठ चालतं.

अर्धा मिनिट. दोन. पाच. दहा.
दर वेळी एक थेंब काढायचा,
त्याचा आंबटपणा मारायचा,
जेलवर चढवायचा.
दोन मिनिटांना निळी रेघ ठळक होती,
पाचला फिकी,
दहाला नाही.
"पचलं," सबनीस सर म्हणाले, आणि चहा मागवला.

पचलं खरं.
पण पचणाऱ्याचंही वावडं असतं कुणाला,
आणि न पचणाऱ्या सगळ्याचं नसतं.

संगणकाने त्या प्रथिनाची माळ
ऐंशी-ऐंशी मण्यांच्या तुकड्यांनी
जगातल्या ठाऊक वावड्यांशी ताडून पाहिली.
एकाच तुकड्यात
छत्तीस टक्के साम्य निघालं.
हद्द पस्तीसची.
त्या एका टक्क्यासाठी
मी दिवाळे कोळीवाड्यात फोन लावला.

पद्माकर नाखवा. वय एकसष्ट.
कागदावर नुसता सतरा नंबर,
नाव मला ठाऊक नसायला हवं,
पण रक्त मीच काढलं, आणि तो गप्प बसणारा नाही.
चाळीस वर्षं कोळंबी विकली,
सोलताना हातात मोजे, तोंडाला फडकं.
"हळदीला एकदा खाल्ली गो.
घसा असा मिटला, जशी शिंपली.
वाशीच्या हॉस्पिटलात डोले उघडले.
कोल्याच्या पोटी ह्यो असला जलम!"
स्वतःच हसला.
सुई निघाल्यावर कापूस दाबत म्हणाला,
"पन भात चालतो मना. भातावरच जगलो."

सतरा माणसांचा रक्तद्रव, सतरा पट्ट्या.
सोळा कोऱ्या.
सतराव्या पट्टीवर एक राखाडी सावली,
ओलं बोट टेकावं इतकीच.
पुन्हा केलं. काही नाही.
पुन्हा केलं. काही नाही.
चौथ्यांदा, धुण्याची वेळ वाढवूनही,
सावली.

सरांना अहवालात शेवटी एक शब्द हवा होता.
मी लिहिलं:
सोळा नमुन्यांत बंधन आढळले नाही.
एक अनिर्णित. अधिक रक्तद्रव आवश्यक.
त्यांनी पेन्सिलीने 'आढळले' खाली रेघ मारली.
"म्हणजे नाही ना?"
म्हणजे आढळलं नाही, सर.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग रेघ खोडली, शब्द ठेवला,
आणि कंपनीला काय सांगायचं या विचारात
चष्मा कपाळावर चढवून बसले.
ते वाईट नाहीत. त्यांच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला आला तेव्हा
पद्माकरने खाली गेटजवळच्या ओट्यावर डबा उघडला.
बोंबलाचं कालवण, वर पांढरा ढीग.
"ये, बस. जेवलीस का?"
मग घास हातातच ठेवून,
"ह्यो साधाच ना गो?
तुमचा तो नाय ना?"

मी वाकून शितं पाहिली.
नऊ वर्षं हेच काम करते,
पाहून काही कळत नाही
एवढं नक्की शिकले आहे.

"कुठून आणलात?"
"रेशनचा."
"मग साधाच," मी म्हणाले,
आणि तो जेवेपर्यंत
त्याच्या घशाकडे बघत बसले.